आवाजामागून येणारी गोळी

चाचांना हाक मारली की ते लगेच वर बघत नसत. काळेवाडीत त्यांचं स्टोव्ह, कुलपं आणि शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारात येऊन "चाचा!" म्हणायचं, आणि चाचा मान खाली घालून तसेच बसलेले. एक श्वास जायचा, वर आणखी अर्धा जायचा, मग ते सावकाश मान उचलून म्हणायचे, "बोला." मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, बिचारे बहिरे असतील. म्हणून दुसरी हाक चांगली खणखणीत मारली. तर म्हणाले, "पोरी, पहिलीच ऐकलीय. सबूर."

सबूरचाचा हे नाव मीच पाडलं आणि मग सगळ्या कंपनीने उचललं. ते मूळचे मावळातले. घरात नमाज अरबीत आणि भांडणं मराठीत, असं ते स्वतःच सांगायचे. फौजेत त्यांनी बरीच वर्षं बंदुका दुरुस्त केल्या होत्या. मी पिंपरीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर, राहायला संत तुकाराम नगरात. माझा धंदाच मुळी वाजलं की उचलायचं असा. घंटा पुरती वाजायच्या आत मी "हॅलो" म्हणून मोकळी. अशा बाईला हा माणूस म्हणजे शिक्षाच की हो! पण कॉलेजात एन.सी.सी. केल्याची मस्ती होती, कंपनीच्या रायफल क्लबात मी शिरले होते, आणि क्लबाची हत्यारं नीट करणारे चाचाच होते.

मोशीच्या पुढे, चाकणच्या वाटेला, टेकडीच्या पोटात एक बंद पडलेली दगडखाण होती. मागे उभा कडा, म्हणून गोळी पळून जायची भीती नाही. दर रविवारी आमचा क्लब तिथे जमायचा. क्लबाचे सेक्रेटरी कंपनीतले मोठे इंजिनियर, माणूस हौशी आणि दिलदार. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. रिव्हॉल्व्हरने तीनशे यार्डांवरचा तेलाचा डबा उडवायचा! रिव्हॉल्व्हर म्हणजे खोलीतल्या भांडणाचं हत्यार. त्याने तीनशे यार्ड म्हणजे विळीने नारळाचं झाड तोडायला निघण्यातला प्रकार. पण साहेबांनी मनावर घेतलं आणि आम्ही सगळेच त्यात वाहत गेलो.

गोळी कशी जाते हे चाचांनी मला दुकानात शिकवलं. बाकाच्या कडेवर त्यांनी दोन नट ठेवले. एकाला नुसतं खाली ढकललं आणि त्याच क्षणी दुसऱ्याला टिचकी मारून पार दारापर्यंत उडवलं. दोन्ही जमिनीला एकदमच लागले, आवाज एकच आला. "लांब गेला म्हून उशिरा पडला का? न्हाई," चाचा म्हणाले. "गोळी नळीतनं सुटली की पडायलाच लागती. सरळ जाणं तिला ठावंच न्हाई." रायफलीची गोळी इतक्या वेगाने जाते की तिचं हे पडणं फारसं जाणवत नाही. रिव्हॉल्व्हरची गोळी मंद. तीनशे यार्ड जाईस्तोवर ती तीन-चार मजले खाली येते.

म्हणजे नेम डब्याच्या कितीतरी वर धरायचा. पण वर तर नुसतं आभाळ, तिथे डोळा कशावर ठेवणार? त्यावर चाचांची युक्ती होती. नळीच्या टोकावर जी माशी असते, ती मागच्या खाचेच्या बरीच वर उचलायची आणि डबा त्या माशीच्या डोक्यावर आणून बसवायचा. "नळी आभाळाकडं, डोळा डब्याकडं," असं ते प्रत्येकाच्या कानाशी म्हणायचे. काडतुसं ओल्या फडक्यात, सावलीत ठेवायचे, कारण तापलेलं काडतूस जास्त जोर करतं आणि गोळी वर लागते. वारा बघायला आमचे लोक तोंडात घालून बोटं ओली करायचे. चाचा मधल्या गवताकडे बोट दाखवायचे. "इथलं वारं तुझं. मधलं वारं गोळीचं."

बार काढल्यावर हात खाली घेतला की मात्र चाचा रागवायचे. डबा लागलाच, तर त्याचा 'ठण्ण' आमच्या कानापर्यंत यायला दोन सेकंदांहून जास्त वेळ जायचा. तोवर हात होता तिथेच. "गोळी अजून हवेत हाय. तिला टाकून कुठं चाललीस?" असं विचारायचे. मला हसू यायचं. सुटलेल्या गोळीला माझ्या हाताचं काय पडलंय! पण हात खाली घ्यायची छाती व्हायची नाही.

डब्याच्या पुढ्यात जमिनीत एक खंदक खणला होता. त्यात दोन माणसं बसायची. बार झाला की उठायचं, गोळी कुठे लागली ते बघायचं आणि झेंड्याने खूण करायची. रायफलीसाठी हा रिवाज ठीकच होता. रायफलीची गोळी आवाजाच्या पुढे धावते, बार ऐकू येतो तेव्हा ती कधीच जाऊन रुतलेली असते. चाचांना हा रिवाज बदलून हवा होता. सेक्रेटरीसाहेबांपुढे उभं राहून ते म्हणाले, "साहेब, खंदकात एक घंटा पायजे. घंटा वाजल्याबिगर कुणी उठायचं न्हाई."

"कशाला? आवाज येतोच की."

"ह्याचा आवाज आधी येतो, साहेब. गोळी मागनं येती."

"चाचा, वीस वर्षं बंदूक चालवतोय मी. आवाज ऐकला म्हणजे गोळी गेली."

"रायफलीचं बराबर हाय तुमचं."

"मग झालं तर!" असं म्हणून साहेब हसले आणि त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. घंटेचं नंतर बघू म्हणाले, आणि आपल्याकडचं 'नंतर' किती लांब असतं हे मी काय सांगू! चाचांनी मात्र पिच्छा सोडला नाही. दर रविवारी घंटा. लोक कंटाळले. कोणी म्हणालं, चाचांना शाळेत शिपाई करा राव, पोटभर वाजवतील.

मी एकदा दुकानात त्यांना सरळच विचारलं, की घंटेचं एवढं काय धरून बसलात? मग हातातला स्टोव्हचा बर्नर खाली ठेवून त्यांनी सांगितलं. बासष्टच्या लढाईनंतर फौजेत भराभर नवी पोरं घेत होते, तेव्हाची गोष्ट. त्यांचा एक दोस्त होता, विठोबा. दोघं एका ताटात जेवायचे. एका साहेबाला असाच लांबून रिव्हॉल्व्हर मारायचा शौक होता, आणि खंदकात हे दोघं बसलेले.

"बार झाला. मी बुटाची नाडी बांधत होतो, वाकून. इठोबा उठला. मी वर बघितलं तवा तो उभाच होता. मंग खाली बसला." एवढं बोलून चाचांनी बर्नर पुन्हा उचलला. "तवापासनं आवाज आला की मी थांबतो. मुद्दाम न्हाई थांबत, पोरी. मान उठतच न्हाई."

त्यांची मी किती थट्टा केली होती! त्या दिवशी दुकानातून निघाले ती मान खाली घालूनच. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये बसून मी गणित मांडलं. आवाज एका सेकंदात किती जातो, रिव्हॉल्व्हरची गोळी किती जाते, आणि मध्ये तीनशे यार्ड. खंदकात बार ऐकू आल्यावर गोळी यायला पाऊण सेकंद उरत होता. डोकं वर काढायला तेवढा पुष्कळ झाला. सेक्रेटरीसाहेबांनी कागद नीट बघितला, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे हो ऑपरेटरबाई. पुढच्या मीटिंगला ठेवतो."

मीटिंगच्या आधीच रविवार आला. खंदकात बसायची पाळी माझी आणि चाचांची होती. उन्हं चांगली तापली होती, खंदकातली माती पाठीला चटके देत होती. साहेबांचे चार बार फुकट गेले, गोळ्या मागच्या कड्यात कुठेतरी फुटल्या. पाचवा बार झाला आणि मी उठले. हो, उठले! पाऊण सेकंदाचं गणित माझं होतं. पण मान ऑपरेटरची होती. वाजलं की उचलायचं.

आवाजाला ज्याची मान उठत नसे, त्या माणसाचा हात उठला. माझ्या डोक्यावर तो असा आदळला की माझं तोंड सरळ मातीत गेलं. वर काहीतरी फाटल्यासारखं झालं. मग केसांतून काहीतरी गरम ओघळून कानात शिरलं. मला वाटलं, माझंच रक्त. वर बघितलं तर चाचा उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून बसले होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागेवर नव्हतं.

सेक्रेटरीसाहेब तीनशे यार्ड धावत आले. अंगातला सदरा काढून त्यांनी स्वतः चाचांचा हात बांधला आणि जीपने त्यांना दवाखान्यात नेलं. वाटेत मी चाचांच्या शेजारी बसून हुंदके देत होते. हत्यारं नीट करणारा तो हात, त्याचीच मला जास्त काळजी वाटत होती. चाचा माझ्याकडे बघत होते आणि, खरं सांगते, त्यांचा चेहरा उजळला होता.

"रडतीस कशाला?" ते म्हणाले. "त्या टायमाला हात नाडीत गुतला होता. आज मोकळा होता."

चाची दवाखान्यात आल्या तेव्हा मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं, माझं डोकं चाचपून बघितलं आणि म्हणाल्या, "दोन बोटांचं काय घेऊन बसलीस? आठ हायेत की अजून."

त्याच आठवड्यात खंदकात घंटा लागली. कंपनीच्या स्टोअरमधून हँडल फिरवायचे दोन जुने टेलिफोन निघाले. साहेबांनी उन्हात उभं राहून तार टाकून घेतली, आणि मी जोडणी केली. बार झाला की इकडे उभ्या माणसाने थांबायचं, मग हँडल फिरवायचं, आणि तिकडे उचलून बोलल्यावरच उठायचं. चाचा बरे होऊन परत खंदकात बसायला लागले. मी हँडल फिरवायची. तिकडे घंटा वाजायची, वाजायची, एक श्वास जायचा, वर आणखी अर्धा जायचा, आणि मग तीन बोटांनी धरलेल्या त्या फोनमधून सावकाश यायचं, "बोला." पुढची सात-आठ वर्षं हेच चाललं. साहेबांनी शेवटी डबा एकदा उडवलाही. त्या दिवशी फोनवर चाचा म्हणाले, "लागला, साहेब. आता घरी जा."

ऐंशी साल उलटल्यावर एका थंडीत चाचा झोपेतच गेले. बातमी माझ्याच बोर्डावर आली. त्यांच्या पुतण्याने बाहेरून फोन केला होता. मी ऐकलं, "हो" म्हटलं, सेक्रेटरीसाहेबांना लाइन जोडून दिली आणि पुढचा फोन घेतला. शिफ्ट पुरी केली. संध्याकाळी काळेवाडीला जाऊन चाचींजवळ बसले. सगळ्या बाया रडत होत्या आणि माझे डोळे कोरडे ठक्क. मला माझीच लाज वाटली. ज्याच्यामुळे हे डोकं खांद्यावर आहे, त्याच्यासाठी दोन थेंब नाहीत?

काही आठवड्यांनी क्लब पुन्हा जमला. खंदकात एक नवा गडी बसला होता, चुणचुणीत, कामाला तयार. साहेबांनी बार काढला, हात वरच ठेवला. मी थांबले आणि हँडल फिरवलं. घंटा पुरती वाजायच्या आतच पलीकडून आवाज आला, "हॅलो!"

माझ्यापर्यंत गोळी तेव्हा पोचली. फोन कानाला तसाच धरून मी खाली दगडावर बसले आणि हमसून हमसून रडले. तिकडून तो बिचारा "हॅलो, हॅलो, उठू का?" विचारत होता. साहेबांनी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं, माझ्या हातातून फोन घेतला. एक श्वास थांबले, वर आणखी अर्धा थांबले, आणि मग म्हणाले, "सबूर."