अकरा वाजताची रांगोळी

बाळांनो, ताप जाऊन महिने झाले तरी थकवा जात नाही आणि मैत्रिणी आळशी म्हणतात, असं धाकटी परवा फोनवर म्हणाली. म्हणून आमच्या समोरच्या अक्कांबद्दल लिहिते.

चिकनगुन्या झाल्यापासून सकाळी त्यांची बोटं मिटत नाहीत. पहाटेची रांगोळी अकराला पडू लागली. शेजारीण ओरडते, "अक्का, सूर्य डोक्यावर आला की! आत्ता कामून काढायलाव?"

"माझे हात आत्ता उठलेत, बाई. तुझे तर अजून न्हाई उठले, दार बघ की तुझं, रिकामंच हाय!"

बोटांचं दुखणं मीही निमित्तच समजत होते. मग एकदा त्यांच्यासोबत गुलबर्ग्याच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "विषाणूशी लढायला उठलेलं शरीर कदाचित आता स्वतःच्याच सांध्यांवर चालून जात असेल. अजून खात्रीनं सांगता येत नाही. पण दुखणं खरं आहे."

अक्का माझ्याकडे वळल्या. "ऐकलाव न्हवं?"

मी ओशाळून रांगोळीचा छापा नेऊन दिला. त्यांनी तो हसत परत केला. "उशिरा काढीन, पण हातानंच काढीन."

बोटं अजून सुजतात, ठिपके जरा वाकडे पडतात. रांगोळी एक दिवसही चुकलेली नाही.