चिंचोक्याच्या खळीचा शोध कोणाचा

लालबागच्या त्या चाळीत दार वाजवून कोणी येत नाही. दारं सकाळी एकदा उघडली की दुपारी आडवं व्हायच्या वेळीच लोटली जातात, आणि येणारा माणूस गॅलरीतूनच "काय वहिनी, आज काय बेत?" म्हणत आत डोकावतो. त्या शनिवारी जयवंत घाडी जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत बसले होते, आणि उघड्याच दारावर टकटक झाली.

"कोण ता? दार उघडाच आसा मा!" त्यांची बायको शेवंती ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता ओरडली.

दारात पंचविशीची एक मुलगी उभी होती. पाठीला पिशवी, हातात निळी फाइल, आणि चपला घालून आत यायचं की त्या बाहेर काढायच्या या विचारात पडलेली. "जयवंतकाका इथेच राहतात ना? मी मनवा. विद्यापीठातून आलेय."

विद्यापीठातून म्हटल्यावर जयवंत पटकन उठून उभे राहिले. बोटांना सुकटीचा वास, लुंगीवर कोलंबीच्या मिशा. पण चौतीस वर्षांची सवय होती. वस्त्रतंत्र विभागाच्या प्रयोगशाळेत ते अटेंडंट होते. सगळा विभाग त्यांना घाडीमामा म्हणायचा. कुठली भट्टी दहा अंश जास्त दाखवते, कुठल्या नळाचं पाणी जड आहे, कुठला तराजू पंखा लावला की डुलतो, हे नव्या प्राध्यापकांना तेच सांगायचे. सांगून झालं की मात्र दोन पावलं मागे सरकून उभे राहायचे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ती दोन पावलं अजून त्यांच्या अंगातून गेली नव्हती. आता घरात मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून ते कपाटाला टेकले.

पहिला विचार त्यांच्या मनात आला तो डेड स्टॉकच्या रजिस्टरचा. काहीतरी वस्तू कमी निघाली असणार.

"तसं काही नाही हो काका," मनवा खुर्चीवर बसली आणि तिनं फाइलमधून एका वहीच्या पानाची झेरॉक्स काढली. "हे अक्षर तुमचं आहे का?"

पान रश्मी सबनीस मॅडमच्या लॅब वहीतलं होतं. वर मॅडमचं बारीक, तिरकं इंग्रजी. आणि मध्येच सहा ओळी मराठीत, शाळेतल्या मुलासारख्या ठळक: लेप गार झाला. वर साय धरली. साय काढली. परत मंद आचेवर अर्धा तास. कागदाला लावला. दुसऱ्या दिवशी पाहिले, तेल झिरपले नाही.

"माझंच," जयवंत म्हणाले.

"आणि खाली 'र. स.' लिहिलंय ते?"

जयवंतांचे कान गरम झाले. "तेपण मीच."

"मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या, काका. मस्टरला नोंद आहे."

शेवंतीनं लाटणं खाली ठेवलं. "तुमी खोटी सय केलास? आता पेन्शन बंद करतले काय?"

"गप गो जरा," जयवंत म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

आता हे कसं सांगायचं? वहीत शेवटी 'कोणी केले' असा एक रकाना असायचा. तो संशोधन करणाऱ्यांसाठी. अटेंडंटनं त्यात आपलं नाव लिहायचं नसतं, असं कोणी कधी सांगितलं नव्हतं. पण कोणी कधी लिहिलंही नव्हतं. काम मॅडमचं, वही मॅडमची, तर नाव दुसऱ्या कोणाचं घालणार? स्वतःचं घातलं असतं तर तो त्यांना आगाऊपणा वाटला असता. मान ठेवायचा म्हणून त्यांनी दोन अक्षरं लिहिली होती, आणि पाच वर्षांनी तीच आज झेरॉक्स होऊन घरी आली होती.

"तुमच्यावर कोणी आरोप करत नाहीये," मनवा घाईनं म्हणाली. "काकू, तुम्हीपण ऐका. विद्यापीठात जे शोध लागतात ते कपाटात पडून राहू नयेत, त्यांचा लोकांना उपयोग व्हावा, म्हणून आमचं ऑफिस आहे. मॅडमनी चिंचोक्याच्या पिठाचा तो लेप केला ना, कागदावरचा? त्याच्या पेटंटसाठी विद्यापीठानं अर्ज केलाय. शोध लावणारी म्हणून त्यात मॅडमचं एकटीचं नाव आहे. आता मॅडम त्याची कंपनी काढतायत. वडे, भजी, फरसाण बांधायला प्लॅस्टिकचा थर असलेला कागद नको, हा घ्या."

"मग चांगलंच की!" जयवंत म्हणाले.

"चांगलंच. पण कंपनीत पैसे घालणाऱ्यांच्या वकिलानं जुन्या वह्या वाचल्या. तो म्हणतो, सगळा लेप याच पायरीवर उभा आहे, आणि या पायरीला तर मॅडम हजरच नाहीत. मग ही पायरी कोणाची?" तिनं फाइलमधून दोन कागद काढून पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही इंग्रजीत. "या पहिल्यात लिहिलंय की तुम्ही फक्त मॅडमच्या सांगण्यावरून काम केलंत, स्वतःच्या डोक्यानं काही केलं नाही. दुसऱ्यात आहे की मॅडमबरोबर तुम्हीही शोध लावलात, आणि तुमचा हक्क विद्यापीठाला देताय. मग अर्जात तुमचं नाव घालायचं, जो वाटा असेल तो तुम्हाला."

"कशावर करू सही?"

"ते मी सांगू शकत नाही ना! खरं काय घडलं ते तुम्ही सांगायचं. तुमची सही होत नाही तोवर कंपनीचं सगळं अडलंय. सोमवारी बैठक आहे."

जयवंत पलंगाच्या कडेवर बसले आणि आठवू लागले. मॅडमची आई अचानक आजारी पडली होती. इकडे लेप शेगडीवर चढवलेला. तीन महिने मॅडम प्रमाण बदलून बदलून बघत होत्या आणि दर वेळी तेल कागदातून पलीकडे यायचंच. दुपारी मॅडमचा हॉस्पिटलातून फोन आला, मामा, शेगडी बंद करा, तसंच राहू दे, नंतर फेकून देऊ. त्यांनी बंद केली. सकाळी येऊन पाहतात तर पातेल्यात खळीवर जाड साय.

"ते बघून मला आमचे बाबा आठवले," जयवंत म्हणाले. "गिरणीत सायझिंगला होते. विणायला जायच्या आधी सुताला खळ लावतात ते खातं. मी डबा घेऊन जायचो, तेव्हा दाखवायचे. म्हणायचे, पहिल्या उकळीची खळ कच्ची. ती गार होऊ द्यायची, साय काढायची, परत शिजवायची, मग ती सुताला धरते. तिथेही चिंचोक्याचंच पीठ. मला ते फेकवेना. म्हटलं, बघू तरी."

मनवा लिहीत होती. तिचं पेन थांबलं.

"म्हणजे ही रीत गिरणीत आधीपासून होती?"

"आमच्या बाबांच्या खात्यात तर सगळेच करायचे."

"काका," मनवाचा आवाज बारीक झाला, "जे लोकांना आधीपासून ठाऊक आहे त्याचं पेटंट मिळत नाही."

तव्यावरची पोळी करपली. कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

"पण ते सुतावर होतं, हे कागदावर आहे," मनवा स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "तेल अडवायला तर कोणी वापरत नव्हतं. मग ते नवं धरतील... की नाही धरणार? मला विचारावं लागेल. मला खरंच माहीत नाही हो."

"तुकाच म्हायत नाय, तर ह्यांका कसा समाजतला?" शेवंती म्हणाली. "सासऱ्यांचा नाव घाला, म्हणजे झाला."

"आणि गेलेल्या माणसाला सहीला आणू कुठून?" जयवंत म्हणाले.

मनवानं शेवटी रश्मी मॅडमना फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला. जयवंत पुन्हा उभे राहिले.

"मामा! कसे आहात? अहो, त्या वकिलानं उगाच घोळ घातलाय. गार होऊ द्या, हे मीच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"तुम्ही शेगडी बंद करा म्हणालात, मॅडम."

"तेच ते! बंद केली म्हणून गार झालं, गार झालं म्हणून साय आली."

हेही खोटं नव्हतं. जयवंतांनी मान डोलावली, मग फोनवर मान दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाले, "हो. पण नंतर फेकून देऊ, असंही म्हणालात."



"असं म्हणाले होते मी?"

"म्हणालात, मॅडम."

"मला नाही आठवत, मामा. आईचं ते सगळं... त्या आठवड्यातलं मला काहीच धड आठवत नाही. आल्यावर वही पाहिली आणि पुढे तसंच करत गेले. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही, नाही का?" मॅडमचा आवाज पडला होता. "पण पिठाचं प्रमाण, तो मेणाचा अंश, ते तीन महिने, ते तर माझं आहे ना?"

"तुमचंच. त्याच्याशिवाय नुसती खळ होती ती."

"मग आता?"

ते जयवंतांना कुठे ठाऊक होतं? "तुम्ही सांगाल तसं, मॅडम," असं त्यांच्या ओठावर आलं होतं. चौतीस वर्षं हेच उत्तर चाललं होतं. आज मात्र मॅडमच म्हणाल्या, "नाही मामा, यात मी काही सांगायचं नसतं. फक्त सोमवारच्या आत काय ते कळवा. कंपनी आहे हो माझी." आणि फोन ठेवला.

जयवंतांनी चष्मा लावला. पहिला कागद उचलला, पेनाचं टोपण काढलं. हाच सोपा होता. सांगितलं ते केलं, असं म्हटलं की मॅडम सुटल्या, मनवा सुटली, आपणही सुटलो.

"काय लिवलाहा त्याच्यात?" शेवंतीनं विचारलं.

ते ओळीवरून बोट फिरवत वाचू लागले. सुटे शब्द कळत होते, वाक्य जोडलं जात नव्हतं. स्वतःच्या डोक्यानं काही केलं नाही, असंच लिहिलं होतं ना? मग फेकायचं पातेलं पुन्हा शेगडीवर चढवलं ते कोणाच्या डोक्यानं? त्यांनी दुसरा कागद घेतला. मी शोध लावला. हे तर वाचतानाच जीभ अडखळली. ज्या माणसानं खळीच्या वाफेत आयुष्य काढलं, त्याचं शिकवलेलं आपलं म्हणून कसं लिहायचं? आणि गिरणीचं सगळं सांगितलं तर मॅडमची कंपनी बुडायची. बुडेल का? तेही नक्की नाही. ते एकदा या कागदाकडे बघत, एकदा त्या. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"काका, कुठलातरी एक..." मनवा हळूच म्हणाली.

"पोरी, या दोन्हींत घडलं ते नाहीये. त्याचं पुढे काय व्हायचं ते तुम्ही शिकलेले लोक ठरवा, मला त्यातलं कळत नाही. माझं एवढंच कर. मी आत्ता सांगितलं ते तसंच्या तसं मराठीत लिही, मॅडमनी केलं ते मॅडमच्या नावानं, बाबांचं बाबांच्या नावानं, माझं माझ्या. आणि एकदा मला वाचून दाखव. त्यावर मी सही करतो."