पिवळ्या पट्टीवरून

नव्या विमानतळाच्या फरशीवर, अंध माणसाला एकट्याने चालता यावं म्हणून, उंचवट्यांची पिवळी पट्टी दारापासून काउंटरपर्यंत नेली आहे. माझ्या अंध मित्राने, वसंताने, काठीने ती शोधली, तोच एक कर्मचारी व्हीलचेअर घेऊन धावत आला आणि मला म्हणाला, "यांना बसवा."

"अहो, पाय धड आहेत माझे," वसंता म्हणाला.

"नियम आहे, काका."

माझं डोकंच फिरलं. एवढ्या हौसेने वाट करायची आणि तिच्यावर पाऊल टाकू द्यायचं नाही! आपल्याकडे मदतीची कोण घाई; काय हवंय ते विचारायला मात्र सवड नाही.

वसंता काठी मिटून बसला. खुर्ची त्याच पट्टीवरून खडखडत निघाली.

"वाट छान केलीय रे," तो म्हणाला. "चाकांना चांगली कळतेय."