ट्रक चालू झाला की

"ट्रक चालू झाला की पुण्याला परत जायचं," असं माझ्या नवऱ्याने कबूल केलं होतं. त्याला आता सहा वर्षं झाली.

इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगजवळच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात त्याला हा ट्रक सापडला. महायुद्धात कॅनडाहून आलेला लष्करी ट्रक, नाक चेपल्यासारखा, स्टीअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. शेतकऱ्याचा बाप त्यातून बीट वाहायचा म्हणे. नवऱ्याने दर शनिवार तिथे घातला आणि मी पाने-पक्कड पुसत बसले. मीही मेकॅनिकलचीच हो, पण इथे माझी नोकरी म्हणजे त्याची वाट बघणं. जीव गुदमरायचा. घर भाड्याचं, भाषा उसनी आणि परतीच्या वाटेत हे भंगार आडवं!

आई कोथरूडला एकटी. दर रविवारी फोनवर विचारायची, "झाला का गं तुमचा ट्रक?" मी नवऱ्याचंच उत्तर पुढे सरकवायचे, "कार्ब्युरेटर मिळत नाही गं. ओरिजिनलच हवा म्हणतो."

मागच्या दिवाळीत आकाशकंदील काढायला खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात गेले. खोक्यात कंदिलाखाली कार्ब्युरेटर! ओरिजिनल, साफसूफ केलेला, पंच्यात गुंडाळलेला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

भांडले नाही. शनिवारी कार्ब्युरेटर कोठारात नेला आणि नवऱ्यासमोर स्वतःच्या हाताने बसवला. तो चोरासारखा उभा होता.

"तिकडे जाऊन मी काय करू गं?" एवढंच म्हणाला.

"ते तिकडे गेल्यावर बघू," म्हणत मी स्टार्टर दाबला. तिसऱ्या खेपेला इंजिनाने पकडलं. आढ्यावरची कबुतरं फडफडत उडाली. मला रडूच आलं. सुटले बाई एकदाची! मनातल्या मनात मी बॅगा भरायला घेतल्या.

आणि मग ऐकू आलं. टक, टक, टक. डाव्या बाजूने.

"व्हॉल्व्हचं टॅपेट वाजतंय," मी बोलून गेले. लगेच जीभ चावली, पण काय उपयोग? नवऱ्याने कान दिला. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो हळूच म्हणाला, "असंच टाकून जायचं का?"

जाता आलं असतं. खुशाल जाता आलं असतं. पण वाजणारं इंजिन तसंच सोडून जायला माझा हात धजेना. मीच ते बंद केलं आणि बाह्या सारल्या.

रविवारी आईचा फोन आला. "झाला का गं?"

"झालाय गं, पण टॅपेट वाजतंय."

आई म्हणाली, "इतकी वर्षं कारणं तो सांगायचा. आता तू."