मयुरीचा निळा पंप

शाळेच्या खिचडीवर असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दीडशे लेकरं रोज ताट घेऊन समोर येतात आणि प्रत्येक जण काही ना काही बोलून जातो. भांडी घासून झाली तरी ते बोलणं डोक्यात तसंच पडून असतं. घरी सांगायला जावं तर नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो. म्हणून म्हटलं, कुठंतरी रितं करून टाकावं.

आमची शाळा अचलपूरहून एसटीनं अर्ध्या तासावर, आठवीपर्यंत. अकरा वर्षांपासून मी तिथं खिचडी शिजवते. लेकरं मला मावशी म्हणतात, सरलोकही मावशीच म्हणतात. हे किस्से आमच्या दम्याच्या लेकरांचे आहेत. वाचताना 'अरेरे' करायचं नाही. त्यांना ते अजिबात आवडत नाही!

*

मयुरी तेव्हा सातवीत होती. मी फोडणी टाकली की वर्गात हिचा खोकला सुरू! रोज. मला वाटलं गणिताचा तास चुकवायचे धंदे आहेत. एक दिवस दारात जाऊन ओरडले, "काहून नाटकं करून राहिली वो पोट्टी?"

तिला उत्तर देता येईना. छातीतून नुसती शिट्टी वाजत होती, आणि गळ्याखालचा खड्डा श्वासागणिक आत जात होता. खोकला खोटा करता येतो, तो खड्डा खोटा करता येत नाही.

त्या दिवसापासून वाळल्या मिरचीची फोडणी बंद. हिरवी मिरची कापून पाण्यात शिजवायची. आठ दिवसांनी विचारलं, "आता कशी हाये खिचडी?"

"खिचडी पयलेबी चांगलीच होती मावशी," मयुरी म्हणाली, "तिच्या आधीचे धा मिनिटं तेवढ्या तुमी वाईट होत्या!"

*

मयुरीजवळ पंप होता. अमरावतीच्या डॉक्टरनं दिलेला, निळा, दम लागला की लगेच ओढायचा. पण तिच्या आजीनं हेडसरांना येऊन सांगितलं होतं, "सर, हा कोणाच्या नजरेस पडू देऊ नोका. पोरीच्या जातीले पंप लागते म्हणून गावात कळलं तं उद्या तिले करन कोण?"

हेडसर भला माणूस. त्यांनी पंप ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. खिशासकट ते एक दिवस मीटिंगला अचलपूरला गेले.

नेमका त्याच दिवशी व्हरांडा झाडला, धूळ उडाली आणि मयुरीचा श्वास अडकला. ओठ काळेनिळे पडू लागले. कविता मॅडम हेडसरांना फोन लावत बसल्या. फोन लागेना. मी चटणीचा वरवंटा उचलला आणि तीन घाव घातले. तिसऱ्याला कुलूप खाली!

पंप दिला, तिला सरळ बसवलं आणि मॅडमनं गाडी बोलावून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी हेडसर आले, कपाट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, सरकारी कपाट हाये हे!"

"कपाट सरकारी हाये सर, पोरगी नाही!"

सर खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं पंप मयुरीच्या दप्तरात ठेवला आणि झाडण्याच्या आधी पाणी शिंपडायचा कागद भिंतीवर लावला.

पंप दप्तरात आला, पण उघड्यावर आला नाही. कार्टी पाण्याच्या टाकीमागं जाऊन ओढायची. घरी तर न्हाणीत. कोणी आत असलं की दारात धापा टाकत उभी. मी शिव्या घातल्या तर म्हणाली, "मावशी, आजीनं तिची शपथ घातली हाये."

*

दुसरीतल्या गोलूचं मात्र सगळं बाजारात! त्याला पंपाच्या पुढे प्लास्टिकचं नळकांडं लावून औषध द्यावं लागतं. तो तोंडाला नळकांडं लावणार, श्वास धरणार आणि अख्खी दुसरी एका सुरात दहापर्यंत आकडे म्हणणार. त्यांच्या मॅडम म्हणतात, या वर्षी आकडे शिकवायला त्रास पडला नाही.

एकदा शेजारचा पिंट्या माझा पदर धरून रडायला लागला. "मले बी थोडासा दमा द्या ना मावशी!"

गोलूनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुले झेपणार नाही बे!"

*

खेळाच्या सरांनी मयुरीला खो-खोतून काढलं. काळजीपोटीच. म्हणाले, "तू धावू नको बाळा, तू फक्त शिट्टी वाजव."

मी तांदूळ निवडत बसले होते. म्हटलं, "सर, शिट्टी काय कानानं वाजवतेत?"

सर लाल झाले. मग डॉक्टरांकडून कागद आणला. खेळायच्या आधी औषध घ्यायचं, दम लागला की थांबायचं, बाकी खुशाल धावायचं. आता मयुरी धावते आणि शिट्टी सर वाजवतात.

*

मयुरीच्या आजीशी माझी एकदा समोरासमोर जुंपली. ती रोज दिवेलागणीला गोवरीवर धूप टाकून घरभर फिरवायची, पोरीची छाती मोकळी व्हावी म्हणून! मी जाऊन म्हटलं, "आजी, त्याच धुरानं तिचा दम कोंडते."

"धूप बंद केला तं देव काय म्हणन?"

"देवाले अंगणात तुळशीपाशी न्या. त्यालेबी हवा लागन."

आजी आठ दिवस बोलली नाही. पण धूप अंगणात गेला. पंपाचं नाव काढलं की मात्र तिचा एकच सवाल. "करन कोण तिले?"

*

आता यंदाच्या फाल्गुनातला किस्सा. मयुरीच्या मोठ्या बहिणीला, वैष्णवीला, पाहायला हिवरखेडचे पाहुणे आले. पोह्यांसाठी मला बोलावलं होतं. आजीनं सकाळीच माळ्यावरच्या गाद्या काढून झटकल्या होत्या. मयुरीला सक्त ताकीद होती, स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही.

पोहे नेऊन मी परत आले तर मयुरी ओट्याला धरून वाकलेली. शिट्टी सुरू. हातात पंप, पण ओढत नव्हती. न्हाणी अंगणात, आणि अंगणात जायचं म्हणजे पाहुण्यांच्या मधून.

"इथंच घे," मी म्हटलं. ती मान हलवून नाही म्हणाली. पाहुण्यांना आवाज ऐकू जाईल म्हणून भीत होती. आत ना पंखा ना खिडकी. मी दंड धरला आणि तिला सरळ बैठकीत नेलं, मुलाच्या आईशेजारच्या खुर्चीवर, पंख्याखाली बसवलं. आजीनं मागून माझा पदर ओढला. इतक्या जोरात ओढला की खांद्याची पिन निघाली.

मयुरीनं डोळे मिटले आणि पंप तोंडाला लावला.

"थांब वो!" मुलाची आई ओरडली. आजीनं कपाळावर हात मारला.

"हलवला नाही तू. असा हलव आधी. आता श्वास सोड पुरा. हां, ओढ. धरून ठेव." बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बोटांवर दहा मोजले. थोडं थांबून पुन्हा एकदा. हळूहळू शिट्टी बारीक झाली आणि खांदे खाली आले.

आजी चाचरत म्हणाली, "तुमाले कसं काय माईत बाई?"

बाईनं पर्स उघडली. आत तसाच निळा पंप! नवऱ्याकडे न पाहता, मान खाली घालून म्हणाली, "लगनाच्या आधीपासून हाये. माह्या मायनं सांगू देलं नोतं. यायले अजूनबी माईत नाही. पोरगा आणून देते गुपचूप."

मुलगा जमिनीकडे पाहत होता. वैष्णवी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

मुलाच्या वडिलांनी पोह्यांचा शेवटचा घास खाल्ला, बशी खाली ठेवली आणि बायकोकडे पाहिलं.

"आन पोराले दर महिन्याले पैसे देऊन मेडिकलमंदी पाठवते कोण?"