आकड्याला गुंडाळलेली ट्यूब

चतुर्थीआधी मिठबावच्या घराला रंग द्यायचा होता, म्हणून मी माजघरातली भिंत रिकामी करत होते. दादाची गिटार आकड्यावरून काढायला गेले तर ती निघेना. जोर लावला तेव्हा चर्रकन आवाज होऊन हातात आली. मानेच्या दोन्ही बाजूंचं पॉलिश उडालं होतं आणि तिथे काळे, चिकट डाग पडले होते. आई मागेच उभी होती. "ह्या काळा कसला गो?" तिने विचारलं. मला तरी काय ठाऊक.

दादा बाईकवरून हायवेवर पडला आणि गेला, त्याला बरीच वर्षं झाली. कणकवलीहून नोकरीवरून घरी आला की कपडेही न बदलता तो गिटार घेऊन बसायचा. कमरेला पट्टा, त्याचं पितळी बकल गिटारच्या पाठीवर घासायचं. आईचा जीव खालीवर व्हायचा. "तो पट्टो काड रे आदी, लाकूड खरवाडता." तो हसून आणखी जोरात वाजवायचा. पाठीवर तळहाताएवढ्या जागेत ओरखडेच ओरखडे उमटले होते.

तो गेल्यावर आईने भिंतीत लोखंडी आकडा ठोकून घेतला आणि गिटारला परत ओरखडा पडायला नको म्हणून त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. गिटारच्या खुंट्या गंजू नयेत म्हणून त्यांना खोबरेल लावायची. आमच्याकडे कोयत्यापासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्याला खोबरेलच. गिटारला मात्र कुणाला हात लावू द्यायची नाही, मलाही नाही. त्याचा मला राग यायचा, अजून येतो. पण तिच्याइतकं मी काही ती जपली नसती.

कणकवलीत वाद्यं दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याच्याकडे गिटार नेली. त्याने डागावर बोट फिरवलं.

"ह्या रबरान केल्यान, ताई. काय काय पॉलिशाक रबर चलना नाय, हळूहळू खाता. नुसतो लोखंडी आकडो असतो, तर एखादो ओरखडो इलो असतो, बस."

मग त्याने गिटार उलटी केली. सगळंच घासून नवं पॉलिश चढवतो म्हणाला, म्हणजे हे पाठीवरचे ओरखडेही जातील. "तिथे हात लावू नका," मी इतक्या जोरात म्हणाले की तो बिचारा दचकलाच. गिटार उचलून तशीच बाहेर पडले.

एसटीत ती मांडीवर घेऊन बसले आणि मला रडू आलं. ओरखडे दादाने वाजवून केले होते. डाग आईने जपून केले होते. हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

घरी आई पायरीवर वाट बघत बसली होती.

"काय म्हणालो तो?"

"खाऱ्या हवेन झाला म्हणता, आये."

"मेल्या हवेन काय्येक ठेवल्यान नाय," ती म्हणाली. गिटार पालथी घेऊन तिने ओरखड्यांवरून हात फिरवला. मग उठून आत गेली. भिंतीचा रंग वाळला होता.

"आकड्याक आणखी एक पदर घालूया," तिने आतून हाक मारली. "मागल्या पडवीत जुनी ट्यूब आसा, ती हाड गो."

मी ट्यूब आणून दिली. आई ती आकड्याभोवती गुंडाळू लागली आणि मी दुसरं टोक ताणून धरलं.