संमतीपत्राचं अकरावं पान

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. "पायाला काही लागलं की सांगा," म्हणाले. मी वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळानं म्हटलं, "सुरू करा ना साहेब." डोळे उघडले तर त्यांच्या हातात नायलॉनचा जाड दोरा होता. तळव्यावर सात जागी टोचून त्यांचं काम संपलं होतं. शेजारी माझी बायको नसीमा तोंडावर ओढणी धरून उभी होती.

"न्यूरोपॅथी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तातल्या साखरेमुळे नसा बधिर होणं. अंगठ्याखालच्या जखमेला त्यांनी डायबेटिक फूट अल्सर असं नाव सांगितलं. शुगरच्या रुग्णाच्या पायाची लवकर न भरणारी जखम. अंगठा काढावा लागेल, उशीर झाला तर कदाचित पाऊलही.

मी दारव्ह्याला विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. दिवसभर जमिनीवर बसून काम. तारेचा एक तुकडा चपलेतून तळव्यात शिरला होता आणि किती दिवस आत होता ते मला कळलंच नाही. फरशीवरचे रक्ताचे ठसे नसीमाला दिसले. मी तिलाच विचारलं, कोणाला लागलं?

दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, अंगठा काढण्याआधी एक मार्ग आहे. त्यांच्या दवाखान्यात क्लिनिकल ट्रायल चालू होती. म्हणजे नव्या औषधाची माणसांवर घेतलेली परीक्षा. जखमेवर लावायचा एक नवा जेल होता.

नवा म्हटल्यावर मी सावध झालो. ती कापसाची वाईट वर्षं होती. नवं बियाणं, नवी फवारणी, रंगीत जाहिरातपत्रकं, गावोगाव सभा. आणि बोंडअळी यायची ती आलीच. माझ्याकडे मोटार घेऊन येणाऱ्यांचे चेहरे मी रोज पाहत होतो. मला वाटलं, शेत झालं, आता पाय.

कागदपत्रांसाठी एक कोऑर्डिनेटर होते. चाळिशीचे, अतिशय गोड बोलणारे. त्यांनी चौदा पानांचं संमतीपत्र शेवटच्या पानावर उघडून माझ्यासमोर ठेवलं. "इथे सही करा."

मी म्हटलं, "घरी नेऊन वाचतो."

"एवढं कोणी वाचत नाही हो," ते हसले. त्या हसण्यानं माझा संशय पक्का झाला. नसीमा म्हणाली, "पहले पढ़ो. पाँव तुम्हारा है."

दोन दुपारी दुकानात बसून मी ते वाचलं. भाषा मराठी होती, पण कापूस न पिंजता गादीत भरावा तशी गचाळ. तरी काही गोष्टी कळल्या. रँडमायझेशन म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी: अर्ध्यांना खरा जेल, अर्ध्यांना तसाच दिसणारा साधा. ब्लाइंड म्हणजे कोणाला कोणता मिळाला ते रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नाही. अकराव्या पानावर दोन गोष्टी होत्या. रुग्ण केव्हाही बाहेर पडू शकतो, तरी त्याचा उपचार थांबवता येत नाही. आणि खाली एथिक्स कमिटीचा फोन. ही कमिटी रुग्णांवर अन्याय होत नाही ना, ते पाहते.

मी डॉक्टरांना विचारलं, "जेलनं जखम भरते का?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "माहीत असतं तर परीक्षा कशाला घेतली असती?"

खात्री देणारे मी खूप पाहिले होते. माहीत नाही म्हणणारा पहिलाच. शिवाय जेल कोणताही मिळो, जखम रोज धुऊन मिळणार होती आणि तळव्यावर भार येऊ नये म्हणून खास बूट मिळणार होता. मी सही केली आणि संमतीपत्राची एक प्रत मागून घेतली.

रोज सकाळी काळ्या-पिवळ्या जीपनं यवतमाळला, त्या दवाखान्यात. रांग, पट्टी, परत. मेश्राम सिस्टर जखम धुवायच्या, मेलेली कातडी कापायच्या, पट्टी लावून मोजमाप लिहायच्या. त्या काय लिहितात ते मी वाकून पाहायचो. "मिस्त्री, माझ्यावरही संशय का?" त्या म्हणायच्या. होता. नाकारत नाही.

रांगेत देवरावकाका भेटायचे. कळंबजवळच्या गावचे, साठीचे, कापूस आणि तूर करणारे. तेही ट्रायलमध्ये होते; संमतीपत्रावर सहीऐवजी त्यांनी अंगठ्याचा ठसा दिला होता. मी विचारलं, कागदात काय होतं?

"मले काय मालूम? ते म्हनले, चांगलं औषध आहे. म्या म्हनलं, द्या."

तिसऱ्या आठवड्यात काकांचा पाय घोट्यापर्यंत लाल झाला. अंगात कणकण होती. कोऑर्डिनेटर म्हणाले, थोडी आग होतेच, औषध काम करतंय. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, हे मी पाहिलं. औषधानंतर काही अपाय झाला तर त्याला अ‍ॅडव्हर्स इव्हेंट म्हणतात आणि तो लिहून कळवावाच लागतो. हेही कागदात होतं.

पुढचे चार दिवस काका आले नाहीत. मी चौकशी केली. "त्यांनी स्वतःच सोडलं," कोऑर्डिनेटर म्हणाले. "खेड्यातले लोक असेच. धीर नसतो."

मला ते पटलं नाही. मला चालायची मनाई होती. नसीमा रागावली, पण शेवटी तीच सोबत आली. कुबडी घेऊन जीपनं कळंब, तिथून ऑटोनं गाव. काका ओसरीवर पडले होते. पाय पिंढरीपर्यंत सुजलेला, वास सुटलेला.

"काहून आले नाही काका?"

"त्या कागदवाल्यायनंच सांगतलं, आता येऊ नका, तुमचं झालं म्हने. मले वाटलं, झालं असन." मग माझ्या पायाकडे पाहून म्हणाले, "तू कायले आला बाप्पा असा लंगडत?"

मी पिशवीतून कागद काढला. शेजारच्यांच्या घरून अकराव्या पानावरचा नंबर लावला. कोणी उचलणार नाही याची मला खात्री होती. एका वयस्कर बाईंनी उचलला. कमिटीच्या सचिव. सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "कागदाचं मी पाहते. तुम्ही त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. थेट डॉक्टरांकडे, मध्ये कोणाला विचारू नका."

तसंच केलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मला कोणी सांगितलंच नाही," म्हणाले. ते खरं होतं का? मी आजही सांगू शकत नाही. त्या दिवशी मात्र ते काकांच्या खाटेपासून हलले नाहीत. दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला.

सचिवबाई चौथ्या दिवशी दोघा सदस्यांना घेऊन आल्या. नव्या रुग्णांची भरती थांबवली. वहीत काकांच्या नावापुढे 'स्वेच्छेने बाहेर' असं लिहिलेलं निघालं; अपायाची नोंद कुठेच नव्हती. बाईंनी खाटेशेजारी बसून चौदा पानं काकांना वाचून दाखवली आणि मग विचारलं, "हे तुम्हाला आधी सांगितलं होतं?"

"नाई," काका म्हणाले. कोऑर्डिनेटर दाराशी उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यानंतर ते दवाखान्यात दिसले नाहीत.

माझी जखम साडेचार महिन्यांनी भरली. ट्रायल संपल्यावर वाटणी उघडली, तेव्हा कळलं की काकांना खरा जेल होता आणि मला साधा. मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरांनीच सांगितलं, खऱ्या जेलनं साध्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे माझा अंगठा वाचवला तो रोजच्या धुण्यानं, त्या बुटानं आणि मेश्राम सिस्टरांच्या हातांनी. मी त्यांना तसं सांगितलं. "आता तरी वहीत डोकावणं सोडा," त्या म्हणाल्या.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना एवढंच सांगतो: ट्रायलला घाबरून पळू नका, आणि हात जोडून बसूही नका. आपल्याकडेही औषधं तपासली गेली पाहिजेत, नाहीतर आपल्या पायांना काय लागू पडतं ते कळणार कसं? पण कागद घरी न्या. त्याची प्रत ठेवा. न कळलेलं मोठ्यानं विचारा.

पुढच्या वर्षी सचिवबाईंचा निरोप आला. कमिटीत डॉक्टर, वकील असतात, तसा एक साधा माणूसही लागतो, ज्याला वैद्यकीतलं काही कळत नाही. याल का?

मला आधी वाटलं, तोंड बंद करायला बोलावतायत. तरी गेलो. दवाखान्यातल्या पहिल्याच बैठकीत एका नव्या औषधाचं संमतीपत्र समोर आलं. सातव्या पानावरचं एक वाक्य मी तीनदा वाचलं. सगळे सह्या करायच्या बेतात होते. मी म्हटलं, "हे मला समजलं नाही."

एका डॉक्टरांनी समजावायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. दुसऱ्यांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

सचिवबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "परत पाठवा," म्हणाल्या. "मिस्त्रींना समजेल असं लिहून आणा."

त्या दिवशी मी दवाखान्यातून पहिल्यांदा ताठ मानेनं बाहेर पडलो.